रान जाड झालं त्या वर्षी

आमचं वरचं रान एका वर्षात एकदम जाड झालं आणि त्याचं सगळं श्रेय मला मिळालं.

लग्नाला चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात सासूबाईंनी माझं कौतुक केल्याचं मला एकच उदाहरण आठवत होतं. "हिला शिट्टी बरी वाजवता येते," असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, आणि तेही सुनेला काहीतरी दुखणं असल्यासारख्या सुरात. त्यामुळे जंगल खात्याचं पत्र आलं आणि त्या दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला "आमच्या सुनेचा हात गुणाचा" असं सांगायला लागल्या, तेव्हा मला वाटलं, गुडघ्याच्या गोळ्या डोक्यात गेल्या.

सासूबाई एकट्याच रानात जाऊन झाडं मोजायच्या. तीस वर्षं. वरच्या उतारावरच्या दोनशे बारा झाडांना खात्याने पत्र्याचे नंबर ठोकले होते, आणि दर वर्षी पानगळ संपली की प्रत्येक झाडाचा घेर मोजून वहीत लिहायचा, एवढंच काम. झाड बुंध्याशी रुंद असतं आणि वर निमुळतं होत जातं. म्हणून दर वर्षी सारख्याच उंचीवर मोजावं लागतं, नाहीतर आकड्यांना काही अर्थ उरत नाही. त्यासाठी एक काठी होती. बरोबर एकशे सदतीस सेंटिमीटर. काठी झाडाला टेकवून उभी करायची, तिच्या वरच्या टोकाशी टेप गुंडाळायचा, आकडा घ्यायचा, पुढचं झाड.

नंबर खात्यासाठी होते. सासूबाईंनी झाडांना आपली नावं ठेवली होती, म्हणजे अक्षरशः नावं ठेवली होती. नंबर सात 'मास्तर', कारण सरळ आणि कोरडा. नंबर एकोणीस 'जावई', कारण कललेला, आणि सगळ्यांच्या आधी पानं टाकून मोकळा. अठ्ठ्याऐंशी होता 'वखारवाला', आमच्या गल्लीतल्या लाकडाच्या वखारीच्या मालकावरून. आणि एक्केचाळीस नंबरचं नाव होतं नुसतं 'हे'. सासरे हयात असतानाच ते नाव पडलं होतं. "जागा भरपूर अडवतात आणि बोलत काही नाहीत," असा सासूबाईंचा खुलासा. सासरे गेल्यानंतर मात्र त्या झाडाभोवती गुंडाळलेला टेप त्या जरा जास्त वेळ धरून ठेवायच्या, असं नवरा सांगतो.

मागच्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात, नवरा दिवसा पाण्याच्या टाकीवर कामाला आणि संध्याकाळी दवाखान्यात, आणि घरात मी आणि आठ महिन्यांची मुलगी. तिचं खरं नाव आहे, पण ती चिमटे काढते म्हणून आम्ही तिला चिमटी म्हणतो. त्याच आठवड्यात चिमटी रांगायला लागली. रांगायला म्हणजे काय, सुटलीच. सरळ खिडकीकडे. आमची मागची खिडकी सरकवायची आहे, तिची कडी कधीच गेलेली, आणि खाली उतार. मी दोन दिवस तिच्या मागे धावले. तिसऱ्या दिवशी दाराआडच्या चार-पाच काठ्यांत एक जुनी काठी दिसली. झाडूचा दांडा असावा, झाडू केव्हाच मेला असावा, असं समजून मी भाजीच्या सुरीने आणि बऱ्याच शिव्यांनी तिचा वीतभर तुकडा कापला आणि खिडकीच्या खाचेत आडवा ठोकून बसवला. खिडकी हलेना. चिमटीने काच चाटून पाहिली आणि नाद सोडला. उरलेली काठी मी परत दाराआड ठेवली. आई झाल्यापासून एवढं सरळ यश मला मिळालं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

पंधरा दिवसांनी सासूबाई घरी आल्या. गुडघा धड वाकेना. डॉक्टरांनी चढावाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं होतं. पानगळ संपत आली होती. त्यांनी मला बोलावलं, मुलाकडून दाराआडची मोजायची काठी मागवून घेतली आणि वही, टेप आणि काठी अशा तिन्ही वस्तू माझ्या हातात दिल्या.

"तीस वर्षं सांभाळलीये ही काठी," त्या म्हणाल्या. मग ती हातात तोलून बघितली. "हलकी वाटते गं जरा."

"आडवं पडून पडून हाताचा अंदाज गेला असेल, आई," मी म्हणाले.

मी तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, की रोज तीन तास मला घराबाहेर जायला मिळणार.

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. चिमटीला पाठीवर बांधायचं, चढाला लागायचं. चढ लागला की ती झोपायची, घरी पलंगावर कधी झोपायची नाही. पायाखाली पाला वाजायचा. उतारावरच्या झऱ्याचा आवाज लांबूनच यायचा. काठी टेकव, टेप गुंडाळ, आकडा लिही. मास्तर, जावई, वखारवाला. मधेच तिला पाजायला बसायचं, पाठ 'हे'ला टेकून. बाळंतपणानंतर माझा स्वतःचा घेर कोणी वहीत लिहून घेतला नाही, हे खात्याचे उपकार.

आकडे गेले, आणि दोन महिन्यांनी पत्र आलं. एरवी वर्षाला सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही कमी वाढणारं आमचं रान या एका वर्षात चार वर्षांएवढं वाढलं होतं. उन्हाळे कडक होत असताना हा उतार एवढा भरभरून वाढतोय ही समाधानाची बाब आहे, सबब वरच्या उतारावरची निम्मी मोठी झाडं तोडायला परवानगी देता येईल, असं पत्रात लिहिलं होतं. गुरुवारी पाहणीला अधिकारी येतील आणि कागदावर सही करतील.

खरा वखारवाला त्याच दिवशी सासूबाईंना भेटून गेला. "वहिनी, सून लक्ष्मी आहे तुमची," तो म्हणाला. "झाडांना हात लावला आणि झाडं बाळसं धरायला लागली."

"मी म्हटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. "पण निम्मी झाडं तोडायची, हे मला पटत नाही."

"पुन्हा वाढतील की. आता हात गुणाचा घरातच आहे तुमच्या."

माझं कौतुक मागे घेतल्याशिवाय सासूबाईंना भांडता येईना, आणि कौतुक मागे घ्यायची त्यांची तयारी नव्हती. संध्याकाळी त्यांनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा मला आधी दिला.

बुधवारी मी घर आवरायला काढलं. अधिकारी येणार म्हणून खिडकीची खाच पुसायला घेतली आणि तो वीतभर तुकडा बाहेर काढला. त्याच्या टोकाला एक गाठ होती, अर्धी कापलेली, बदामाच्या आकाराची. मी ती गाठ याआधी कुठेतरी पाहिली होती. कुठे ते आठवलं. सहा आठवडे रोज मी टेप त्याच गाठीवर तर धरत होते.

दाराआडून काठी आणली. तुकडा टोकाला लावला. गाठीचे दोन अर्धे एकमेकांना भेटले.

म्हणजे मी दोनशे बारा झाडं वीतभर खाली मोजली होती. खाली बुंधा जाड. रान वाढलं नव्हतं. मी वाकले होते.

नवरा टाकीवरून जेवायला आला, तेव्हा मी दोन्ही तुकडे त्याच्यासमोर जोडून दाखवले. तो गावाच्या पाण्याच्या टाकीवर असतो. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं हे तो ठरवतो, त्यामुळे त्याला गावात सगळे घाबरतात आणि तो फक्त आईला घाबरतो. त्याने तुकडा बघितला, काठी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"भाजीच्या सुरीने कापलंस?"

"तेवढंच विचारायचंय तुला?"

"नाही, पण छान कापलंस." त्याने घास घेतला. "आईला कळलं?"

"अजून नाही. मला वाटतं नुसतं खात्याला कळवावं, आकड्यात चूक आहे एवढंच. काठीचं नाव काढायला नको."

"आणि ते विचारतील, कसली चूक. मग?"

मी त्याच्या ताटात भाजी वाढली. चार वर्षांनी पहिल्यांदा मला आधी चहा मिळाला होता. ही गोष्ट तोंडाने सांगण्यासारखी नव्हती, पण खरी होती.

"हे बघ," नवरा म्हणाला, "दोन उन्हाळ्यांपूर्वी पलीकडच्या वस्तीने झाडं तोडून त्यांचा उतार साफ केला. त्यांचा झरा पहिल्याच वर्षी आटला. आपला झरा वरच्या रानाच्या मुळांतून येतो. ते रान गेलं तर मी नळाला काय सोडू, डोळ्यातलं पाणी?"

"म्हणजे सांगायचं."

"सांगायचंच." त्याने पाणी प्यायलं. "तू सांग. मी त्या वेळी टाकीवर असेन."

गुरुवारी सकाळी सांगायचं ठरवलं होतं, पण सासूबाई सकाळपासून इतक्या आनंदात होत्या की मला तोंड उघडायला जागाच मिळेना. त्यांनी माझी वेणी घालायची तयारी दाखवली. अकरा वाजता अधिकारी आल्या. चाळिशीच्या, चष्मा, बुटांना चिखल, पाठीवर पिशवी. त्यांच्या मागोमाग वखारवाला, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. नवरा खरंच टाकीवर गेला होता.

"तुमचं अभिनंदन करायला आले," चष्मेवाल्या मॅडम मला म्हणाल्या आणि पिशवीतून कागद काढला. "इतकी वाढ मी तरी कुठे पाहिली नाही."

"हात गुणाचा," सासूबाई म्हणाल्या.

मी आत गेले, दोन्ही तुकडे आणले आणि त्या कागदावर ठेवले.

"टेबलाचा पाय मोडला वाटतं," वखारवाला म्हणाला.

"मॅडम, हा तुकडा आमच्या मागच्या खिडकीत होता," मी म्हणाले. "त्याच्या आधी या काठीत होता. मीच कापला. मोजायची काठी आहे हे मला माहीत नव्हतं, आणि त्याच कापलेल्या काठीने मी सगळी झाडं मोजली. सगळे आकडे वीतभर खालचे आहेत. रान जाड झालेलं नाही."

मॅडमनी काठीला टेप लावला. "एकशे सोळा," त्या हळूच म्हणाल्या.

मी सासूबाईंकडे बघायचं टाळत होते. त्यांनी काठी मांडीवर घेतली, तुकडा टोकाला लावला, गाठीवरून अंगठा फिरवला. मग परत फिरवला. तीस वर्षांत कुणी त्यांच्या कामात चूक काढली नव्हती, आणि आता ती खात्याच्या माणसासमोर, वखारवाल्यासमोर निघाली होती, माझ्या हातून. मला वाटलं, आता काठी पाठीत बसणार. ती आता आखूड होती, हा त्यातल्या त्यात दिलासा.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "मग आता खिडकीला काय लावलंयस?"

"काय?"

"हा तुकडा इथं आहे. पोर आत आहे. खिडकीला काय?"

"लंगोट बांधलाय, आई. दोन गाठी मारून."

"तीन मार," त्या म्हणाल्या आणि मग मॅडमकडे वळल्या. "माझी मोजणी तीस वर्षांची आहे. त्यातलं एक वर्ष फुकट गेलं. बाकीची एकोणतीस तुमच्याकडे आहेत ना?"

"आहेत," मॅडम म्हणाल्या. "आकडे आहेत."

"नुसते आकडे? आणि शेरा?"

"कसला शेरा?"

सासूबाईंनी मला वही आणायला सांगितली. प्रत्येक पानाच्या शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता, आणि त्यात बारीक अक्षरात ओळींवर ओळी. या वर्षी आकडे उतरवून पाठवले तेव्हा मला ती सासूबाईंची करमणूक वाटली होती. खात्याने तो रकाना कधी मागितलाच नव्हता. मॅडमनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

"वर्ष तिसरं. पालवी नेहमीच्या वेळेला. झऱ्याला गुडघाभर पाणी. वर्ष अकरावं. पालवी आठ दिवस आधी. मास्तरला घाई कसली." त्यांनी पान उलटलं. "नंबर अठ्ठ्याऐंशी, वखारवाला. बाहेरून भरदार, ठोकल्यास पोकळ आवाज."

"हे झाडाबद्दल आहे ना?" वखारवाल्याने विचारलं.

"नंबर लिहिलाय की," सासूबाई म्हणाल्या.

मॅडम पुढे वाचत राहिल्या, पण आता हळू. "वर्ष अठरावं. खालच्या रानातला तांबड्या सालीचा पाहुणा आढळला, साठ नंबरच्या पायाशी. उपटला. वर्ष एकोणिसावं. तीन पाहुणे. उपटले. पाठ दुखते. वर्ष बावीस. पाहुणे फार झाले, राहू देत. यांच्या सावलीत बरे तग धरतात. वर्ष सत्तावीस. उन्हाळा भयंकर. खालची तळी आटली. झऱ्याला घोटाभर पाणी, पण थांबला नाही. जावई अर्धा सुकला. त्याच्या बुडाशी पाहुणे नऊ."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे पाहुणे आमच्या एकाही तक्त्यात नाहीत," त्या म्हणाल्या.

"कसे असतील? मनगटापेक्षा बारीक झाड मोजायचं नाही, असा तुमचाच नियम."

"तांबड्या सालीची झाडं खाली, गरम भागात असतात. खाली ऊन वाढलं तशी ती वर सरकतायत." मॅडम आता आमच्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं. "झाडाला चालता येत नाही. ते बी पुढे पाठवतं. वरच्या जुन्या झाडांची सावली आहे म्हणून ही पिल्लं जगतायत. मोठी तोडली तर एका उन्हाळ्यात करपतील. मग उतारावर ना जुनं, ना नवं."

"आणि झरा?" मी विचारलं.

"तोही गेला समजा."

वखारवाला खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, एका म्हातारीच्या टिपणांवरून तुम्ही सही करणार नाही?"

"टिपणांवरून नाही. आकडे चुकले म्हणून करणार नाही." त्यांनी तुकड्यांखालचा कागद ओढून घेतला आणि घडी घालून पिशवीत टाकला. "सगळं पुन्हा मोजायचं. बरोबर उंचीला. आणि या वेळी पाहुणेही."

"मनगटापेक्षा बारीक?" सासूबाईंनी खात्री करून घेतली.

"बोटापेक्षा बारीक असले तरी."

वखारवाला जाताना दारात थांबला. "वहिनी, ते पोकळ आवाजाचं झाडाबद्दलच होतं ना?"

"जाऊन ठोकून बघा," सासूबाई म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मी चहा केला आणि वाट बघत बसले. आता काहीतरी येणार. सासूबाई बराच वेळ काठी मांडीवर घेऊन बसल्या. मग पाय टेकवून उठल्या आणि त्या आखूड काठीवर भार टाकून दोन पावलं चालल्या.

"टेकायला बरोबर झाली," त्या म्हणाल्या. "तुकडा परत खिडकीत बसव. लंगोटावर माझा विश्वास नाही."

"आई, चुकलं माझं."

"चुकलंच. तीस वर्षांची काठी." त्यांनी कप उचलला. "पण आता लोकांना काय सांगू मी? सगळ्या गावात हात गुणाचा म्हणून बसलेय."

"शिट्टीचं सांगा."

त्या हसल्या नाहीत. पण चहा अर्धा पिऊन झाल्यावर त्यांच्या नाकातून एक आवाज आला, आणि तो मी माझ्या बाजूने धरला.

नव्या काठीने मोजणी सुरू झाली. सासूबाईंनी डॉक्टरांचं ऐकायचं सोडून दिलं होतं. नवरा रोज सकाळी प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन वर चढायचा, एका सपाट जागी ती मांडायचा, मग आईला हात धरून वर आणायचा, आणि टाकीवर पळायचा. खुर्चीतून त्या आखूड काठीने दाखवायच्या. "तो बघ, पानाआड. नाही, त्याच्या डावीकडे. तोही पाहुणाच." मी गुडघ्यांवर रांगत पाहुणे शोधायचे, चिमटी माझ्या मागोमाग रांगायची. पहिल्या चार दिवसांत एकशे साठ सापडले. काहींना दोनच पानं होती.

पाचव्या दिवशी आम्ही एक्केचाळीस नंबरला आलो. मी काठी टेकवली, टेप गुंडाळला आणि आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"मागच्या खऱ्या आकड्यापेक्षा तीन मिलिमीटर कमी."

"पुन्हा मोज."

पुन्हा तेवढाच आला. त्या काठी टेकत स्वतः आल्या, टेप माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी बुंध्याभोवती धरला. आकडा तोच होता, पण त्यांनी टेप सोडला नाही.

"उन्हाळा कडक गेला," त्या शेवटी म्हणाल्या. "माणूससुद्धा उतरतो."

"मॅडम म्हणत होत्या, पाणी कमी पडलं की झाड थोडं आक्रसतं. पाऊस झाला की भरतं."

"मला सांगू नकोस. तीस वर्षं ओळखते मी यांना." त्यांनी टेप सोडला आणि वही माझ्याकडे ढकलली. "शेरा तू लिही."

मी वही मांडीवर घेतली. काय लिहावं कळेना. बुंध्यापाशी चिमटी बसली होती, तिच्यासमोर तांबड्या सालीचा एक पाहुणा, तिच्याएवढाच उंच. तिने त्याचं एक पान मुठीत धरलं आणि आपल्याकडे ओढलं.

"अगं," सासूबाई नातीला म्हणाल्या, "पाहुण्यांचे केस ओढू नयेत."

मी तेच लिहिलं.